पेल्याची कड

मी तेवीस वर्षं बायबलबाई होते. मिशनच्या पगारावर गावोगाव हिंडायचं, बायकांमध्ये बसून येशूच्या गोष्टी सांगायच्या, आणि जिचं मन वळलं तिला शिकवून बाप्तिस्म्यापर्यंत आणायचं, हे माझं काम. मी काम सोडलं तेव्हा निरोपाची सभा झाली. लिडियाबाईंनी इतके आत्मे प्रभूकडे आणले, तितके आत्मे आणले, अशी भाषणं झाली. हार घातला, फोटो काढला. मी मान खाली घालून बसले होते, तर लोक म्हणाले, काय विनय आहे बाईंचा! विनय कसला डोंबलाचा. मला करंजखेड्याची राहीबाई आठवत होती आणि वर बघायची लाज वाटत होती.

करंजखेडं सोनईपासून तीन कोसांवर. गावाबाहेर पूर्वेला आमची ख्रिस्ती वस्ती, तीसेक घरं. गाव तिला अजून महारवाडाच म्हणायचं, आणि आमच्या लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. आजोबांच्या पिढीनं बाप्तिस्मा घेतला, मेलेली गुरं ओढायची सोडली, पोरं शाळेत घातली, तरी पाटलाच्या ओसरीपासून किती हात लांब उभं राहायचं ते ठरलेलंच होतं. त्या वस्तीच्याही पलीकडे, ओढा ओलांडला की मांगवाडा. सहा घरं. पन्नास वर्षांत एकाही पाळकाला, एकाही मास्तरला तो ओढा ओलांडावासा वाटला नव्हता. मलाही वाटला नव्हता. उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

राहीबाई मला भेटली ती ओढ्याच्या अलीकडेच. त्रेचाळीस सालचा उन्हाळा होता. आमच्या मंडळीचे डीकन सत्यवानराव, म्हणजे वस्तीचे कारभारीच म्हणा, त्यांची सून कृपा दीड दिवस अडली होती. नगरच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. शेवटी मांगवाड्यातून सुईण बोलावली. चाळिशी उलटलेली, काटक, विधवा बाई. आत गेली, सगळ्यांना बाहेर काढलं, आणि तासाभरात मूल रडल्याचा आवाज आला. पोरगा जिवंत, कृपाही जिवंत. वस्तीतली निम्मी पोरं याच हातांनी जगात आणली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

काम झालं तशी राहीबाई अंगणात भिंतीकडेला बसली. सत्यवानरावांच्या बायकोनं तिच्या पदरात वरून भाकरी टाकली आणि हातभर अंतरावरून ओंजळीत पाणी ओतलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी ओट्यावर बसले होते. बायका जमलेल्याच होत्या, म्हणून मी माझं काम सुरू केलं आणि विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. येशू दमून विहिरीवर बसला, आणि ज्या जातीच्या हातचं कुणी पाणी घेत नसे, त्या जातीच्या बाईला म्हणाला, मला प्यायला पाणी दे.

"मग?" भिंतीकडून आवाज आला.

"मग काय?"

"प्याला का त्यो? तिच्या हातचं?"

"प्याला की!" मी ठोकून दिलं.

घरी येऊन पुस्तक उघडलं, तर बाकी सगळं होतं, पण तो पाणी प्याला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. राहीबाईला मी ते कधी सांगितलं नाही. प्यालाच असणार. तो काय आमच्यासारखा होता?

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीला तेल लावायला ती आली आणि मला वाटेत गाठलं. "बाई, तुमच्या देवळात एका पेल्यातनं समदी पित्यात म्हनं. खरं हाय?"

"खरं आहे. प्रभुभोजन म्हणतात त्याला. एक भाकर, एक पेला."

"आन् मांगाची बाई आली तर?"

"तर त्याच पेल्यातून."

"आईची आन घ्या."

"आण-शपथ घेत नाही आम्ही. पण माझा शब्द आहे."

तिनं तेलाची वाटी पदराखाली घेतली आणि बाळंतिणीकडे निघाली. धान्याचं विचारलं नाही, पोराच्या शाळेचं नाही, मिशनची नोकरी नाही. लोक येतात तेव्हा काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात चुकीचं काही नाही, पोट सगळ्यांना आहे. पण हिनं एवढंच विचारलं आणि तेवढ्यावर ती आली.

त्यानंतर दर मंगळवारी मी ओढा ओलांडायला लागले. राहीबाई दारात बसून घायपाताचे दोर वळायची आणि मी तिच्यासमोर पोतं टाकून बसायचे. तिला अक्षर येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. "डोळं गेलं आता," म्हणायची. मग आम्ही वेगळीच युक्ती काढली. दहा आज्ञा शिकवताना एकेक आज्ञा पाठ झाली की ती दोरीला एक गाठ मारायची. दहा गाठी झाल्या. दुसऱ्या दोरीला शिष्यांच्या बारा. प्रभूची प्रार्थना तिनं वळत्या दोराच्या ठेक्यावर पाठ केली, आणि ती म्हणताना तिचा हात कधी थांबला नाही. मला शाळेत छडी खाऊन जे आलं नाही, ते तिला आलं. सहाव्या गाठीला, म्हणजे खून करू नको या आज्ञेला, ती अडली. म्हणाली, "पोरगी झाली की तोंडावर उशी ठेव म्हनून मला दोनदा सांगितलंय लोकांनी. मी न्हाई केलं कदी. ह्ये त्येच की!"

नव्यानं विश्वास ठेवणाऱ्याची खरी परीक्षा घरच्यांकडून होते. तिची झाली ती आषाढातल्या सूर्यग्रहणात. ग्रहण लागलं की मांगवाड्यातल्या माणसांनी गावभर "दे दान, सुटं गिऱ्हान" ओरडत फिरायचं आणि लोकांनी धान्य, जुने कपडे घालायचे, ही तिथली पिढीजात रीत. ते दान घेतलं की गावाचं ग्रहण आपल्या अंगावर घेतलं, असा त्याचा अर्थ. राहीबाई गेली नाही. तिचा दीर छगन दारात येऊन ओरडला, "एक घर गेलं न्हाई तर गाव उरलेल्या पाच घरांचं बी बंद करंल. चल, ऊठ!"

"माझ्या अंगावर आता कुनाचं गिऱ्हान न्हाई यायचं," ती म्हणाली. "ज्यानं घ्यायचं त्यानं घेतलं समदं."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. निदान या शब्दांत तरी नाही; येशूनं सगळ्यांची पापं आपल्यावर घेतली, एवढंच सांगितलं होतं. छगननं तिचं चुलीचं भांडं लाथाडलं आणि भावकीनं वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. मी नगरला पत्र लिहिलं, पाळकसाहेबांना सांगितलं, ज्याला त्याला सांगितलं. ते माझंच कर्तृत्व असल्यासारखी मिरवत होते मी.

पंचेचाळीस सालची दिवाळी झाल्यावर बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. आमचे पाळक गिदोनसाहेब दोन महिन्यांतून एकदा नगरहून यायचे, त्याच दिवशी प्रभुभोजन असायचं. म्हणजे सकाळी राहीबाईचा बाप्तिस्मा आणि लगेच पहिलं भोजन. आदल्या दिवशी दुपारी मंडळीची बैठक बसली आणि सत्यवानरावांनी तोंड उघडलं.

"बाप्तिस्मा द्या की. आमी कुठं न्हाई म्हनतोय? पन पेल्याचं काय?"

"पेल्याचं काय म्हणजे?" मी विचारलं.

"तिच्या मागनं कोन पिनार?"

मी त्यांना नको नको ते बोलले. तुमचा नातू तिच्या हातात जन्मला तेव्हा विटाळ झाला नाही का, असंही विचारलं. ते चिडले नाहीत. उलट समजुतीनं म्हणाले, "बाई, तुमी नगरच्या. आमाला या गावात ऱ्हायाचं हाय. उद्या पाटलाला कळलं की ह्यांनी मांगाचं उष्टं प्यालं, तर आज अंगनात उभं करतोय, उद्या वेशीबाहेर उभं करंल. तीन पिढ्या घासून इथवर आलो. ते एका घोटात घालवायचं?"

पाळकसाहेब खाली बघत होते. चांगला माणूस, पण भांडण म्हटलं की चार पावलं मागे सरायचे. "मंडळीत फूट पडू नये," एवढंच म्हणाले.

मग मीच म्हटलं, "तिला शेवटी बसवा. आणि तिच्यामागून मी पिईन. मग तर झालं? तुमच्यापैकी कुणाला तिच्यानंतर प्यावं लागणार नाही."

सगळ्यांना हायसं वाटलं. लिडियाबाईंनी कशी छान वाट काढली, असं पाळकसाहेब म्हणाले, आणि मला ते आवडलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते. शब्द दिला होता की एकच पेला, तो शब्द राखला गेला होता. शेवटी बसण्याबद्दल मी राहीबाईला काही सांगितलं नाही. "उद्या माझ्याशेजारी बस," एवढंच सांगितलं. नव्या माणसाचं मन कशाला दुखवा!

सकाळी शाळेच्या खोलीत मंडळी भरली. तीच शाळा, तेच देऊळ. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, सगळे जमिनीवर. राहीबाई धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर पाणी घातलं आणि मरिया नाव ठेवलं. ते नाव मी सुचवलं होतं. ती उठून माझ्याशेजारी, अगदी भिंतीलगतच्या रांगेच्या टोकाशी येऊन बसली. मी तिच्या पलीकडे. माझ्यानंतर भिंत.

मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून मीच द्राक्षारस केला होता. युद्ध संपलं तरी मनुका मिळत नव्हत्या, सोनईच्या बाजारात दोन आठवडे हिंडून मूठभर आणल्या होत्या. पोळीचे तुकडे ताटलीतून फिरले. मग पेला निघाला. दोन कानांचा जर्मन सिल्व्हरचा जुना पेला, हातोहात, एकेक घोट. पुरुषांचं झालं. बायकांकडे आला. कृपानं घोट घेऊन तो राहीबाईच्या हातात दिला, आणि देताना बोटं मागे घेतली नाहीत, हे मी बघितलं. राहीबाईनं दोन्ही हातांनी पेला धरला. डोळे मिटले. प्यायली. तिच्या ओठांचा ओलावा कडेला राहिला, तोही मी बघितला. मग तिनं पेला माझ्याकडे दिला.

आणि माझ्या हातानं पदराचं टोक उचललं, पेल्याची कड पुसली, आणि मग मी प्याले.

मला ते करताना कळलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण हात काय शेजारणीचा होता? माझी आजी नगरच्या देवळात पहिल्या रांगेत बसायची आणि मांगाच्या पोरीनं आमच्या माठाला हात लावला तर माठ फोडायची. ते मी लहानपणी बघितलं होतं, हसले होते, विसरले होते. विसरले असं मला वाटत होतं. कृपानंतर आलेला पेला मी कधी पुसला नव्हता. सत्यवानरावांच्या बायकोला बारा महिने सर्दी असायची, तिच्या मागूनही मी मुकाट्यानं प्यायचे.

राहीबाई माझ्याकडेच बघत होती. बघायचीच ती. मी पिते की नाही हे बघायलाच तर ती दोन वर्षं चालत आली होती.

प्रार्थना झाली, गीत झालं, मंडळी उठली. मी तिचा हात धरला. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणाले, "राही, कडेला मनुकेचं साल चिकटलं होतं गं."

"व्हय का?" ती म्हणाली. "गाळताना ऱ्हायलं असंल." आणि हात सोडवून गेली.

दारात सत्यवानराव भेटले. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी त्यांना नातू झाला तेव्हाही बघितला नव्हता. "बाई, काल आमाला लई बोललात," ते म्हणाले. "पन तुमी बी आमच्यातल्याच." कुणी थोबाडीत मारली असती तर मी उलट दिली असती. याला काय देणार?

पुढच्या तीन मंगळवारी राहीबाई घरी नव्हती. बाळंतपणाला गेली, असं छगन सांगायचा, आणि मला बघून मिशीत हसायचा. चौथ्या मंगळवारी मी सकाळीच गेले, तेव्हा ती सापडली. दोर वळत होती. मी पोतं शोधायला लागले, तर म्हणाली, "बसू नका बाई."

"माझं चुकलं, राही." एवढं म्हणायला मला चार आठवडे लागले होते. "साल वगैरे काही नव्हतं."

"म्हाईत हाय."

"मी तुझी माफी मागते."

"दिली. शिकवलंय की तुमी." तिनं दोर पायाच्या अंगठ्यात अडकवला. "शेवटी बसवनार म्हनून कृपानं मला आदल्या दिशीच सांगितलं हुतं. मी म्हनलं, बसवू द्या. सत्यवानराव न्हाई प्याले तर न्हाई. माझ्या मागनं बाई पिनार हाय, मला तेवढं बास हाय. रातभर मी तेवढ्याच खुशीत हुते."

मी रडायला लागले. तिला त्याचा कंटाळा आलेला दिसला. "रडू नका. मी काय त्याला सोडलं न्हाई. सांच्याला प्रार्थना करते, समदं ध्यानात हाय. पन तुमी समोर बसला की मला त्यो पदर दिसतो. म्हनून म्हनते, येत जाऊ नका."

ओढा ओलांडून मी परत आले. पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, अगदी पदरासकट. त्यांनी फार विचार केला आणि मिशनला पत्र लिहिलं. त्यात राहीबाईचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. एका पेल्यातून पिण्यानं क्षय आणि पटकी पसरते, तरी आरोग्याच्या दृष्टीनं मंडळीला छोटे स्वतंत्र पेले मिळावेत, असं होतं. सहा महिन्यांनी उत्तर आलं. खेड्यातल्या मंडळीला स्वच्छतेचं इतकं भान आलेलं पाहून मिशनच्या साहेबांना अतिशय संतोष झाला होता. सोबत भुशात बांधलेली लाकडी पेटी. आत अंगठ्याएवढे काचेचे चाळीस पेले.

वस्तीत आनंदीआनंद झाला. सत्यवानरावांनी पेटीसाठी कुलूप आणलं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. वाटलं, सुटला प्रश्न. आता कुणाच्या मागून कुणाला प्यायचं नाही, कुणाचा पदर उचलला जाणार नाही, राहीबाई परत येईल. त्यातला एक पेला पदरात गुंडाळला आणि मी भर उन्हात मांगवाड्याकडे निघाले. येऊ नका म्हणाली होती, तरी निघाले.

राहीबाईनं पेला हातात घेतला. उन्हात धरून आरपार बघितला.

"यातनं कोन पिनार?"

"तू. हा तुझा, असाच एक माझा, एक सत्यवानरावांचा. ज्याचा त्याचा वेगळा. आता कुणाला कसली अडचण नाही बघ. येत्या रविवारी ये."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी हसली, म्हणून मी पण हसले. मग तिनं पेला जपून माझ्या हातात परत ठेवला.

"बाई, येगळा कप सोनईच्या च्याच्या दुकानाबाहेर बी टांगलेला हाय की माझ्यासाठी," ती म्हणाली. "त्याच्यासाठी येशूला कशाला तरास द्यायचा?"

ती पुन्हा दोर वळायला लागली. मी पेला पुन्हा पदरात गुंडाळला आणि परत फिरले. पेला धुऊन पेटीत ठेवला. रविवारी प्रभुभोजन झालं. प्रत्येकानं आपापला पेला उचलला, मीही माझा उचलला. कुणाचं तोंड कुणाला लागलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, आज मंडळीत किती शांती होती!